एक्केचाळिसावं नाव

३ फेब्रुवारी, सोमवार

नव्या नोकरीचा पहिला दिवस चक्क छान गेला! डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, रोज चार ओळी लिहीत जा, मन हलकं होतं. म्हणून ही वही.

नकाशा कचेरी म्हणजे दोन मजली जुनी इमारत. आत शिरलं की आधी कागदाचा वास येतो. भिंतीला लावलेल्या लाकडी खणांमध्ये नकाशांच्या गुंडाळ्या आहेत आणि खिडकीजवळ नकाशे छापणारा पलंगाएवढा प्लॉटर. मोजणीवाली माणसं चिखलाच्या बुटांनी आत येतात आणि अभिलेखवाल्या मावशी त्यांना दारातूनच परत पाठवतात. या कचेरीत सगळ्यात जुन्या त्याच. मी खुर्चीत बसायच्या आत त्यांनी माझं वय, गाव, चहात साखर किती, सगळं काढून घेतलं. मला ‘कॉम्प्युटरवाली’ असं नावही देऊन टाकलं.

एक गंमत बघितली. आठ चाळीसला सगळे कॉम्प्युटर आपोआप सुरू झाले. कुणी बटण दाबलं नाही की पासवर्ड टाकला नाही. प्रत्येकाच्या टेबलावर त्याचा त्याचा पडदा उघडून तयार! माझ्याआधी इथे असलेल्या माणसाची ही करामत. सगळे त्यांना गुरुजी म्हणायचे. निवृत्त झाल्यावर महिन्याभरातच गेले म्हणे.

खोली कचेरीच्या समोरच मिळाली आहे. ऊन येतं.

५ फेब्रुवारी, बुधवार

आज गुरुजींची स्क्रिप्ट वाचली. स्क्रिप्ट म्हणजे कॉम्प्युटरला एकामागून एक द्यायच्या आज्ञांची यादी: याला आत घे, हा प्रिंटर जोड, अक्षर एवढं ठेव. त्यात यंत्र वाचत नाही अशा ओळी असतात, पुढच्या माणसासाठी लिहिलेल्या. लोक तिथे तारीख टाकून मोकळे होतात. गुरुजींनी मात्र संसार मांडलाय.

‘मावशींचा बाण मोठा ठेवा. लहान असला की हरवतो आणि मग त्या माउस आपटतात.’ ‘साहेबांना एकच प्रिंटर दाखवा. दोन दिसले की दोन्हीकडे छापतात.’ ‘आराखडेवाल्यांचा आवाज बंद. दचकतात. घरी आजारपण आहे.’

एकटीच हसत बसले. किती दिवसांनी.

सगळ्यात खाली लिहिलंय: ‘जागा चाळीसच. एक्केचाळिसावं नाव आलं तर सर्वांत जुनं आपोआप बाहेर.’ नकाशांच्या सॉफ्टवेअरला चाळीसच माणसांची परवानगी आहे, म्हणून असेल. माझ्यासकट बरोबर चाळीस भरतात.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

स्क्रिप्टमध्ये थोडी दुरुस्ती केली. ती तपासायला एक खोटं लॉगिन लागतं. सगळे ‘चाचणी एक’ वगैरे नाव देतात. माझ्या बोटांनी ‘भिंगरी’ लिहिलं.

लेकीला घरात भिंगरी म्हणायचे मी. एका जागी बसेल तर शपथ. आम्ही दोघीच होतो. दोन वर्षं झाली. एकोणीस वर्षांची होती आणि साधा ताप होता. त्या दुपारी मी जुन्या नोकरीत बंद पडलेला सर्व्हर उठवत होते आणि फोन पर्समध्ये होता. तिचे तीन फोन येऊन गेले होते. चौथा शेजारणीचा होता, तो मी घेतला.

लिहिलं एकदाचं. डॉक्टरीणबाई खूश होतील.

लॉगिन सोमवारी काढून टाकीन.

१० फेब्रुवारी, सोमवार

नोंदीत दिसतंय, आठ चाळीसला एक्केचाळीस जण आत आले. भिंगरी सतरा नंबरच्या मशीनवर. ते मशीन कोपऱ्यात आहे, तिथे कुणी बसत नाही.

जाऊन बघितलं. पडदा पिवळा, हळदीसारखा. माउस उजवीकडून डावीकडे ठेवलेला आणि त्याची बटणंही डाव्या हातासाठी उलटी केलेली. यातलं मी काहीही केलं नव्हतं. स्क्रिप्टमध्ये बघितलं, तर गुरुजींच्या ओळींखाली नवी ओळ: ‘भिंगरी: डावखुरी. पिवळा रंग.’

लेक डावखुरी होती. खोलीच्या भिंती पिवळ्या हव्यात म्हणून महिनाभर माझं डोकं खाल्लं होतं तिने.

कुणीतरी चेष्टा करतंय म्हणावं, तर इथे कुणालाच माहीत नाही. मावशींनासुद्धा नाही. त्यांना एवढंच सांगितलंय की मी एकटी राहते.

मावशींचं लॉगिन चालेना म्हणून आरडाओरडा झाला. यादीतून गळलं होतं. परत घातलं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

मावशींचं नाव रोज सकाळी गळतं आणि मी रोज परत घालते. कारण मला माहीत आहे. भिंगरी आल्यामुळे एक्केचाळीस होतात आणि यादीत सर्वांत जुन्या मावशी. भिंगरी काढली की प्रश्न मिटला, दोन मिनिटांचं काम.

तेच करायला आज सतरा नंबरवर बसले. खुर्चीची गादी कोमट होती. नाव निवडलं. ‘काढायचं का?’ असं यंत्राने विचारलं. मी हो म्हणणार, तेवढ्यात पिवळ्या पडद्यावर एक छोटी चौकट उघडली.

‘आई, पाठ सरळ.’

मी कायम वाकून बसते. ती येता-जाता पाठीत बोट खुपसायची आणि हेच दोन शब्द म्हणायची.

‘नाही’वर दाबलं. नंतर बाथरूममध्ये जाऊन नळ मोठा सोडला आणि पोटभर रडले.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

रोज एक चौकट येते. काल आली, ‘जेवलीस का?’ आज, ‘तो निळा ड्रेस कुणाला दिला नाहीस ना?’

नाही गं, दिला नाही. इथे आणलाय, ट्रंकेत तळाशी आहे.

मी उत्तर लिहिलं. ते गेलं की नाही, कळत नाही. पण माउस जरासा हलला.

मावशी आज पासवर्ड विसरल्या. अकरा वर्षं एकच पासवर्ड आहे त्यांचा, थोरल्या नातीचं नाव. म्हणाल्या, वय झालं गं कॉम्प्युटरवाले. आणि हसल्या. मीही हसले.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

मावशींना नदीकाठचे नकाशे सापडेनात. ते खण त्यांनी स्वतःच्या हाताने लावले आहेत, डोळे मिटून काढून देतात. तासभर खणासमोर उभ्या होत्या. मग मला हळूच विचारलं, मी इथे काय शोधत होते?

आज त्यांचं नाव परत घातलं तरी ते टिकेना, लगेच गळलं. आराखडेवाले त्यांना घरी सोडून आले.

भिंगरी म्हणाली (म्हणाली असंच लिहिते आता), ‘आई, मी फोन केला होता.’

माहीत आहे. माहीत आहे गं राणी.

२० फेब्रुवारी, गुरुवार

मावशी घरून निघाल्या, पण कचेरीत पोचल्या नाहीत. दुपारी बाजारात सापडल्या, एका दुकानाच्या पायरीवर बसलेल्या. साहेब म्हणाले, मेंदूचे फोटो काढलेत आणि त्यात काहीच निघालं नाही.

त्यांना काय झालंय ते मला कळतंय. कळायला नको होतं.

गुरुजींची स्क्रिप्ट पुन्हा शेवटपर्यंत वाचली. खूप रिकामी जागा सोडून अगदी तळाशी लिहिलंय: ‘बाहेर गेलेल्या माणसाला पंधरा दिवसांत परत घ्या. त्यापुढे गेलेलं माणूस येत नाही. मी एकदा उशीर केला आहे.’

मावशी पहिल्यांदा दहा तारखेला गळल्या; रोज परत घातलं तरी खऱ्या अर्थाने आत आल्याच नाहीत. पंधरा दिवस म्हणजे मंगळवार.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

काढलं नाही. सोमवारी काढीन. नक्की.

२४ फेब्रुवारी, सोमवार

मावशींना त्यांचे यजमान कचेरीत घेऊन आले. नेहमीच्या टेबलावर बसवलं तर काही आठवेल, अशी आशा. म्हातारा माणूस, शर्टाची बटणं वरखाली लागलेली. चाळीस वर्षं बटणं मावशीच लावून देत असणार.

मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. त्या माझ्याकडे बघून ओळख नसलेल्या माणसाशी बोलतात तशा अदबीने म्हणाल्या, “बाई, तुम्ही इथल्याच का? मग जरा सांगाल का या गृहस्थांना? कधीचे माझा हात धरून बसलेत. मला संकोच वाटतो.”

यजमानांनी हात सोडला. बाहेर जाऊन खांबाला टेकून उभे राहिले.

मी सरळ सतरा नंबरवर गेले. नाव निवडलं. ‘काढायचं का?’

चौकट आली. ‘आई, यावेळी उचलशील ना?’

मी नाही काढू शकत. कुणीही मला काय हवं ते म्हणा. एकदा पुरलं तिला या हातांनी.

पण मावशींच्या बाजूलाही एक म्हातारा उभा आहे खांबाला टेकून.

रात्री उशिरा बसून चालायचं नाही, उद्या सकाळपर्यंत ठरवायलाच हवं— ठरलंय खरं तर. यादी चाळीसचीच राहायला हवी ना? मग भिंगरी राहू दे. मावशी येऊ देत. माझं नाव काढते.

मावशी काय काय विसरल्या ते मी बघितलं आहे. पासवर्ड जाईल, काम जाईल, रस्ते जातील. जाऊ देत. पण लेक जायची नाही. आईचं वेगळं असतं.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

सव्वाआठला माझं नाव काढलं आणि मावशींचं घातलं, या वेळी टिकलं. यंत्राने विचारलं, हो म्हटलं. काहीच वाटलं नाही.

दहा वाजता मावशी आल्या! एकट्या, पायी. दारातच मोजणीवाल्यांच्या बुटांवरून ओरडल्या. मग मला म्हणाल्या, अशी काय बघतेस भूत बघितल्यासारखी? यजमान मागून धापा टाकत आले. मावशींनी सगळ्यांदेखत त्यांच्या शर्टाची बटणं नीट लावली. ते रडत होते आणि मावशी त्यांना रागावत होत्या.

भिंगरी: ‘आई, येऊ?’

ये. ये.

२६ फेब्रुवारी, बुधवार

माझा पासवर्ड आठवत नाही. अपेक्षितच होतं. हसू आलं.

सतरा नंबरची खुर्ची आपोआप फिरते आहे. एका जागी बसेल तर शपथ.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

खोलीचं कुलूप उघडेना. मग एक बाई आल्या, म्हणाल्या, ही माझी खोली, तुमची पलीकडची.

ट्रंकेत एक निळा ड्रेस आहे. माझ्या मापाचा नाही. परत करायला हवा— कुणाला, ते—

वहीची मागची पानं वाचली. अक्षर माझ्यासारखंच आहे. एवढं कसलं दुःख होतं बाईला?

नाही. थांब. हे माझं आहे. भिंगरी माझी. भिंगरी माझी लेक. डावखुरी. एकोणीस. ताप. तीन फोन. भिंगरी माझी लेक. लिहून ठेवलं की राहतं.

मावशींना काढून— नको. लेकीला— नको. माझं नाव परत घालता येईल, पंधरा दिवस आहेत. पण कोणाच्या जागी? आणि नाव काय घालायचं? माझं—

३ मार्च

एक म्हाताऱ्या बाई रोज डबा आणून देतात. मला कॉम्प्युटरवाली म्हणतात आणि डोळे पुसतात. भल्या आहेत.

इथे फार कॉम्प्युटर आहेत. आपोआप लागतात. मी घाबरते.

हातावर पेनाने लिहिलंय ‘भिंगरी माझी’. पुढचं धुताना गेलं.

सकाळ

कोपऱ्यात एक मुलगी बसलीय. पिवळ्या उजेडात. खरी, हाडामांसाची. डाव्या हाताने केस मागे करते. आली तेव्हा इतकी हसत होती, पळतच आली माझ्याकडे. पाठीत बोट खुपसलं— दुखलं मला. मी मागे सरले.

आई म्हणाली मला. दोनदा. तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हा हसू गेलं होतं.

कुणाची असेल? कुणीतरी शोधत असेल हिला. कुणाची तरी एवढी गोड—

आता रडतेय. माझा हात सोडत नाही. मला संकोच वाटतो. मी समजावलं तिला, बाळ, तुझी काहीतरी चूक होतेय, मला मुलगी—