दाराच्या मागचा फळा

बाई, तुम्ही गेलात तेव्हा मी शिकत होते. पुढे मी काय काम करणार हे तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं, ते आता सांगते. फोन असो नाहीतर संगणक, त्याच्या आत एक गाभा असतो, कर्नल म्हणतात त्याला. कॅमेरा, पडदा, साठवण, सगळं त्याच्या ताब्यात. प्रत्येक ॲपला काहीही हवं असलं की त्याच्या दारात येऊन मागावं लागतं: या जागेवरून एवढी माहिती उचल आणि कॅमेऱ्याला दे. गाभ्याने ते मागणं तपासून घ्यायचं असतं. जिथे तपासणी राहून गेलेली असते तिथे एखादं लबाड ॲप खोटं माप सांगतं, गाभा मुकाट्याने स्वतःच्या जागेत मावणार नाही इतकी माहिती आत ओतून घेतो, शेजारी ठेवलेलं त्याखाली पुसलं जातं, आणि घराची किल्ली चोराच्या हातात जाते. अशा राहून गेलेल्या तपासण्या शोधून बसवायच्या, हे माझं काम. ऑफिस हिंजवडीत आहे, राहते बावधनला.

या गाभ्यासमोर मी अजूनही पहिल्या दिवसासारखी उभी राहते. मी सहज मान झुकवणारी नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. वस्तीतल्या जयंतीला मी भाषणाला उठले की माइकवाला आधीच आवाज खाली घेतो. पण इथे मान झुकते. एकमेकांना कधी न भेटलेल्या माणसांनी जगभर बसून ओळीवर ओळ रचत हे उभं केलं, आणि अजून रोज डागडुजी करतायत. आपल्याला गावाने दारात थांबवून विचारलं ते एवढंच, की कोणाची तू? माणूस तपासला, म्हणणं ऐकलंच नाही. इथे नेमकं उलट आहे. मालक असो की पाहुणा, जे मागाल ते तपासूनच आत जाईल. सगळ्यांवर सारखा संशय घेणं हीसुद्धा समता असू शकते, हे मला इतकं वाचूनही कुठल्या पुस्तकात सापडलं नव्हतं.

परवा कॅमेऱ्याच्या भागात असंच एक भोक सापडलं. मी तपासणी बसवली आणि बैठकीत उभं राहून सांगितलं की हा विषय संपला. शेजारचा म्हणाला, "ताई, हे व्यासपीठ नाही, टाळ्या नंतर." सगळे हसले, मीही हसले. दुरुस्ती लवकरच लोकांच्या फोनमध्ये जायची होती, पौडला आईच्या फोनमध्येसुद्धा. तिच्या पेन्शनचे मेसेज, नातवंडांचे फोटो, सगळं त्यात आहे. तेवढ्यात काम परत आलं. असं प्रत्येक काम कुणीतरी परका माणूस वाचून पाहतो. हा कुठल्या देशातला, मला माहीत नाही. त्याने लिहिलं होतं, "माप तुम्ही दोनदा वाचता. एकदा वाचून तपासता, आणि सगळी माहिती आत घेताना ॲपकडून तेच माप पुन्हा घेऊन ते वापरता. मधल्या वेळात त्याने ते बदललं तर?" माझं डोकं तापलं. तपासणी समोर दिसतेय, डोळे आहेत ना, असं खरमरीत उत्तर लिहायला घेतलं. लिहिता लिहिता 'मधल्या वेळात' या शब्दांपाशी हात थांबला.

माझ्या शाळेच्या दिवसांतली रविवारची सकाळ आहे. तुमच्या स्वयंपाकघरात वादविवादाचा सराव चाललाय. तुम्ही भाकरी थापताय, आम्ही दोघी भिंतीला टेकून उभ्या. माझ्याविरुद्ध बोलणारी मुलगी चांदे गावची. ती म्हणते, जमीन विकली की गाव संपलं. मी सुटते, अशी सुटते की तव्यावरची भाकरी करपते तरी कोणाचं लक्ष नाही. माझं संपत आलं तसं ती शांतपणे म्हणते, "मी कुटं सगळ्या जमिनीचं म्हणले? पिकाऊ म्हणले व्हते." मी चिडून तुमच्याकडे बघते. "बाई, ही फिरवतीय." तुम्ही पिठाच्या हाताने दाराकडे बोट करता. त्या दाराची मागची बाजू तुम्ही काळी रंगवून घेतली होती, तोच आमचा फळा. "ती फिरवणारच. तुझा आवाज लई मोठा हाय, पण तू उभी कशावर हायेस? आदी तिचं म्हणणं दारावर उतरवून घे. उतरवलंय ते तपास, आन् त्याच्यावरच बोल. परत तिच्या तोंडाकडं बघायचं न्हाई. तितं ते हलतंय." मग आम्हा दोघींना करपलेली भाकरी वाढलीत. म्हणालात, "ही तुमच्या भाषणाची."

मी खरमरीत उत्तर पुसून टाकलं. ॲपची माहिती एकदाच, सगळीच्या सगळी, गाभ्याच्या स्वतःच्या जागेत उतरवून घेतली. तपासली ती तीच प्रत, वापरली तीही तीच. ॲपने मागे काहीही बदललं तरी आता फरक पडत नाही. त्या परक्या माणसाचं उत्तर आलं, "आता बरोबर." तुमच्या दारापाशी तो कधी उभा राहिला नव्हता, तरी त्याला ते माहीत होतं. त्या माणसाला मी मनातल्या मनात नमस्कार केला. माझ्या पहिल्या दुरुस्तीतूनच चोर आईच्या फोनमध्ये शिरला असता. नवी दुरुस्ती आली त्या दिवशी मी पौडला तिच्याजवळ बसून ती फोनमध्ये घालून दिली. फोन उलटासुलटा करून ती म्हणाली, "काय बदाललं गं? मला तर तसंच दिसतंय." म्हटलं, "तसंच दिसाया पायजे, आई."

हे तुम्हाला आवडलं असतं, असं शेवटी लिहिणार होते. तेवढ्यात तुमचा नेहमीचा प्रश्न ऐकू आला: कशावरून? बाई, माझ्याकडे पुरावा नाही. विचारायला तुम्ही नाही, आणि हे पाठवायला पत्ता नाही. दिवसभर कोणाचं काही तपासल्याशिवाय आत घेत नाही मी. तुम्हाला आवडलं असतं, हे एवढं एक मात्र तसंच घेतलंय.