पापुद्रा खोटं बोलत नाही

तीर्थस्वरूप एत्यांगमामा,

कंपालाहून भाची अमुगे पत्रातूनच गुडघे टेकून नमस्कार करते. तुमचा गुडघा आता कसा आहे? (टेकायचे ते मी टेकते, तुम्ही खुर्चीतच बसा.) मामी, गाई आणि लग्नाच्या गडबडीतली तुमची लेक असेकेन्ये, सगळ्यांची खुशाली कळवा.

तू तिकडे करतेस तरी काय, असं तुम्ही दर नाताळाला विचारता आणि मी उत्तर द्यायच्या आत नाचणीची अजोन प्यायला उठता. म्हणून लिहूनच सांगते. भुईमुगाच्या दाण्यांना बुरशी लागली की एक विष तयार होतं. ते दिसत नाही, चवीला कळत नाही, आणि वर्षानुवर्षं पोटात जाऊन यकृत पोखरतं. ते ओळखणारी नखाएवढी पट्टी मी बनवते. पट्टीवर कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांचा पापुद्रा असतो आणि त्यावर विषाला पकडून ठेवणारी प्रथिनं. विष अडकलं की वीज कमी वाहते आणि यंत्रावर आकडा चढतो. सगळी करामत पापुद्र्याच्या विणीत आहे, आणि ती वीण, मामा, तुमच्या भाचीला जमली आहे.

सहज नाही जमली. पहिला पापुद्रा मी चांगला जाड दिला (आपल्या घरात कमी वाढायची पद्धत कुठे आहे?). तर पट्टीने हिरवेगार बुरसटलेले दाणेही निर्दोष ठरवले. शेजारच्या टेबलावरचा ब्यारुहांगा म्हणाला, "अमुगे, तुझी पट्टी निवडणुकीला उभी कर, कुणालाच दोष देत नाही ती." सूक्ष्मदर्शकातून पाहिलं, तर वाळलेल्या डबक्याच्या तळासारखी ढेकळं. विषाला आत शिरायला वाटच नव्हती. मग पातळ थेंब टाकून पंख्याखाली वाळवला. सगळ्या नळ्या पळाल्या थेंबाच्या कडेला आणि मधे टक्कल पडलं. एकाच दाण्याचा आकडा सकाळी वेगळा, दुपारी वेगळा. त्या आठवड्यात मी खूप रडले (हे आईला सांगू नका). शेवटी पातळ थरावर पातळ थर दिले, प्रत्येक थर झाकणाखाली सावकाश वाळू दिला, आणि पाहते तर क्योगा तळ्यावरच्या कोळ्यांचं जाळं. विष आत यायला भोकं, वीज जायला सलग धागे. ब्यारुहांगाने ते पाहिलं आणि झाकण कुठून आणलंस, एवढंच विचारलं. त्याच्याकडून एवढं कौतुक आजवर कुणालाच मिळालेलं नाही.

मग पाहुणे आले. सरकारी अधिकारी, शेंगदाण्याचे मोठे व्यापारी, आणि मधोमध आमच्या प्रमुख नामुयांजाबाई. मी दोन वाट्या मांडल्या, एकीत कुजके दाणे, दुसरीत निवडक, टपोरे, गुलाबी. कुजक्यांचा आकडा चढला, सगळ्यांनी माना डोलावल्या. निवडक दाण्यांचा त्याहूनही वर चढला. एक व्यापारी हसला. बाई माझ्या कानाशी म्हणाल्या, "पट्टी बिघडली म्हण आणि दुसरी लाव." मामा, त्या जाळ्याची वीण मी माझ्या डोळ्यांनी पाहिली होती. मी मोठ्याने म्हणाले, "पट्टी ठीक आहे, दाणे वाईट आहेत." दुसऱ्या दिवशी मोठ्या प्रयोगशाळेच्या यंत्राने तेच सांगितलं. तेव्हापासून बाई पाहुण्यांपुढे मला 'आमची अमुगे' म्हणतात, आणि मी आरशात बघून रोज एकदा स्वतःला तसंच म्हणते.

तुमची भाची,
अमुगे

ता. क. ते निवडक दाणे तुमच्या कोठारातले होते. पाहुण्यांना मी अभिमानाने तसं सांगितलंही होतं. रागावू नका. शेंगा पावसात सापडल्या की कुणाचेही दाणे असेच होतात. पण असेकेन्येच्या लग्नात नाचणीच्या आटापबरोबर त्या दाण्यांचं कालवण वाढू नका. भाजून किंवा शिजवून हे विष जात नाही.

ता. क. २. तुम्ही म्हणाल, पोरीला काय कळतं. म्हणून मामीला आधीच फोन केला आहे. कोठाराला कुलूप लागलं आहे आणि लग्नाचे दाणे तिच्या माहेरून येणार आहेत. हे पत्र तुमची परवानगी मागायला नाही, मामीवर ओरडू नये म्हणून आहे. ओरडायचंच असेल तर माझ्यावर ओरडा, मी शुक्रवारी पोचते आहे. पट्ट्या घेऊन.