दहा मोजेपर्यंत

सोमवार, ३ ऑक्टोबर. सकाळी ७.
आजपासून शिस्त. चिमणी पाच वर्षांची झाली तरी दोन शब्दांपुढे जात नाही, आणि शब्द अडला की हात चालवते, चावते. आठवडाभर तर रोज सकाळी बूट फेकतेय. त्याची सुटलेली टाच मी स्वतः खिळा ठोकून बसवून दिली, तरी! शाळेच्या बाई म्हणाल्या, आणखी एकदा कुणाला चावली तर तिला घरीच ठेवा. बघतोच. मी ड्रायव्हिंग शिकवतो, भल्याभल्यांना क्लच सोडायला लावलाय. पोटच्या पोरीला शिस्त लावणं म्हणजे हातचा मळ.

मंगळवार, ४.
तक्ता केला. शहाण्यासारखं वागली की एक तारा. चाळीस तारे कापून ठेवले. बायको म्हणाली, जरा जास्तच झाले.
तारे: शून्य. बूट: कपाटापर्यंत.

गुरुवार, ६.
स्पीच थेरपिस्टकडे. तिथल्या बाई म्हणाल्या, ती हट्टी नाही, तिला सांगता येत नाही. तिला काही विचारलं की गप्प बसून मनात दहा मोजा. शिवाय वहीत लिहा: कोणी, काय केलं, आधी काय झालं. वही बायकोकडे दिली. दहा काय, मी शंभर मोजेन.

शुक्रवार, ७.
तीनपर्यंत मोजले. राहवेना, म्हणून प्रश्न समजावून सांगितला. मग सोपा करून. मग उदाहरण देऊन. बूट कानावर बसला.

रविवार, ९.
थेरपीच कच्ची आहे. सहज वही चाळली. अकरा नोंदी. 'आधी काय झालं' या रकान्यात अकराही वेळा: 'बाबा बोलत होते.'
वाद घातला नाही. खाली जाऊन गाडी पुसली. स्वच्छच होती.

सोमवार, १०. सकाळी ७:४०.
खरं सांगायचं तर भीती वाटत होती. पोरीची शाळा सुटली तर? बूट समोर ठेवला, काय झालं विचारलं आणि दातांत रुमाल धरला. सहा. सात. आठला तिचे ओठ हलले. नऊला तिने माझा हात ओढून बुटात घातला.
"टोचतं, बाबा."
माझाच खिळा. बोटात घुसला. मी बूट भिरकावला. कपाटाच्याही पलीकडे गेला.
बायकोने वही काढली. कोणी: बाबा. काय केलं: बूट फेकला. मग माझ्याकडे बघून शांतपणे विचारलं, "आधी काय झालं?" आणि दोघी मायलेकी बोटांवर दहा मोजत बसल्या.