रेश्माचे बंद बूट

पेण, मंगळवार, संध्याकाळ

शाळा समितीच्या बैठकीत आज मी, सदस्य म्हणून, सँडलची परवानगी मागितली. उपयोग शून्य. मिठागरावर आईला हातभार लावून नववीतल्या रेश्माच्या टाचा फुटल्यात, बंद बुटात चिघळतात. चपला घालून आली म्हणून तिला वर्गाबाहेर उभं केलं.

"नियम सगळ्यांना सारखा," मुख्याध्यापक म्हणाले. स्वतःच्या पायात सँडल!

रेश्माला घेऊन बैठकीला आलेल्या तिच्या आईने शाळेसाठी घेतलेले नवे बूट टेबलावर ठेवले. "सर, तुमच्या टाचा बऱ्या हायत ना? मंग तुम्हीच घाला. चल गो रेश्मा, मिठागरावर बूट लागत नाय."

पोर गेली, लंगडत. इतकी वर्षं बातम्या लिहितोय. आज चार ओळी सुचत नाहीत. काय लिहू? बूट अजून टेबलावरच असतील. रेश्मा उद्या येईल? वाटत नाही.