बंद माइकवरचं भाषण

१० जानेवारी, बीरगाव

बीरगावच्या माणसांनो, भट्टीच्या पाळीवरून येऊन काळी थुंकी टाकणाऱ्यांनो, आणि त्यांचे कपडे दोनदा पिळणाऱ्या बायांनो, आपलं गाऱ्हाणं एकच आहे. आपल्याविषयी सगळे बोलतात, आपल्याला विचारत कोणी नाही.

रोजनिशीतही मी सभेत उभी असल्यासारखी लिहिते. खोड जुनी आहे. पुलगावच्या वादविवाद स्पर्धांपासून भीमजयंतीच्या मंचांपर्यंत मी बोलतच आले, आणि आता बोलण्यासाठीच मला रायपूरला बोलावून घेतलं आहे. 'काळी गच्ची' नावाचा रॉक बँड, त्यांचा 'राखड' हा नवा अल्बम, आणि त्या अल्बमचा छत्तीसगडभर दौरा. शेवटच्या गाण्यात गिटार थांबते, फक्त ड्रम हळू वाजत राहतो आणि त्यावर मी लोकांशी बोलायचं. दौऱ्याचा शेवट इथेच, रायपूरला लागून असलेल्या बीरगावच्या मैदानात.

ड्रम वाजवणारा धर्मपाल याच वस्तीतला. त्याच्याच घरी वरची खोली मला दिली आहे. खिडकीतून ते मैदान दिसतं. त्याची आई अंजनाबाई. दारात जयभीम झाला, तिने माझी पुस्तकांची पेटी उचलून पाहिली आणि म्हणाली, "वाचून वाचून इतकी बारीक झाली का वं पोरी? का बाकीची पेटीत भरून आणली?" दुपारी तिने भरलेली वांगी केली. गच्चीवर वाळवणावर जुनं धोतर टाकलेलं असतं, भट्ट्यांची राख पडू नये म्हणून. संध्याकाळी ते झटकलं तर काळा ढग उठला. धर्मपाल म्हणाला, आमच्या बँडचं नाव ठेवायला काही फार डोकं लागलं नाही.

मला फार दिवसांनी आनंद झाला आहे.

१२ जानेवारी, तात्यापारा, रायपूर

अनिमेषच्या घरी, दुकानाच्या वरच्या हॉलमध्ये तालीम. अनिमेष म्हणजे गिटार, गाणी आणि बँडचा मालकही. भोसल्यांच्या काळापासून इथे राहिलेलं घराणं, त्यामुळे मराठी सुरू करतो आणि हिंदीत संपवतो. साउंड बघणारा भार्गव तर मराठीत विचारलं की सरळ हिंदीतच उत्तर देतो.

पहिलं भांडण झालं. यांचं सगळं लॅपटॉपवर बांधलेलं असतं. कीबोर्ड, मागचे कोरस, सगळं आधीच रेकॉर्ड करून भरून ठेवलेलं. प्रत्येकाच्या कानात एक टिकटिक वाजत असते आणि तिच्या बरोबरीने वाजवायचं. म्हणजे माझं भाषणही ठरल्या टिकटिकीला संपलं पाहिजे. मी म्हटलं, समोरची माणसं पाहून बोलते मी, पाठ केलेलं नाही. भार्गव म्हणाला, "दीदी, पब्लिक रोज नई होती है, गाना तो वही रहता है ना."

मग आवाज जोखायला म्हणून त्याने मला माइकवर बोलायला लावलं. काहीही बोला. मी नव्या भट्टीवर बोलले. बीरगावला लागून एक कंपनी लोखंडाची आणखी एक भट्टी लावणार आहे. ३ फेब्रुवारीला तिची जनसुनावणी आहे, भट्टी हवी की नको ते लोकांनी अधिकाऱ्यांसमोर सांगायचं. आमचा शेवटचा कार्यक्रम आदल्या संध्याकाळी. सगळी वस्ती तिथे असेल. मी त्यांना सांगणार आहे की उद्या या आणि नाही म्हणा. एवढ्यासाठीच मी आले आहे.

भार्गवने ते सगळं भरून घेतलं. कामाला येईल म्हणाला.

१७ जानेवारी, भिलाई

कार्यक्रम उत्तम झाला. भाषणात मी एका बाईकडे पाहून बोलले, तिने डोळे पुसले.

नंतर मंडपामागे गेले तेव्हा बॅनर नीट वाचला. दौऱ्याचा खर्च तीच कंपनी करते आहे. भट्टीवाली. मला कोणीही सांगितलं नव्हतं. अनिमेष म्हणाला, सांगितलं असतं तर आली असती का? धर्मपाल मान खाली घालून म्हणाला, बॅनर त्यायचा, शब्द आपले. मी अर्धा तास त्यांना झापलं. आयुष्यभर पुस्तकांतून वाचत आले की विरोध विकत घ्यायचा सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे त्याला मंच देणं, आणि त्याच मंचावर टाळ्या घेऊन आले.

सोडून जावं असं वाटलं. पण मी गेले तर बीरगावच्या मैदानात बोलणार कोण? राहते.

२० जानेवारी, राजनांदगाव

घसा पूर्ण बसला. अंजनाबाईने ओवा बांधून दिला होता, "भांडून भांडून बसवला तू" म्हणाली. ओव्याने काही झालं नाही. तोंडातून फक्त हवा.

अनिमेष म्हणाला, भाषण गाळता येणार नाही, पोस्टरवर तुझा चेहरा आहे. भार्गवने उपाय काढला: तालमीत भरलेलं भाषण लावतो, दीदीने फक्त ओठ हलवावेत. गाणारे सगळेच कधी ना कधी करतात म्हणे. गाणारे करत असतील. मी बोलणारी आहे. तरीही भट्टीबद्दल लोकांना कळावं म्हणून हो म्हटलं.

टाळ्या भिलाईपेक्षा जास्त पडल्या. मी संतापाने उतरले. अनिमेष खूश. आणि एक गोष्ट लिहून ठेवते, कारण ती मनातून जात नाही. शेवटी शेवटी मी ओठ हलवायचे थांबवले होते. ते हलत होते.

२४ जानेवारी, बिलासपूर

आवाज परत आला. भार्गवला आधी त्याच्याच लॅपटॉपवरून ते भरलेलं भाषण पुसायला लावलं, माझ्या डोळ्यांदेखत. मग छातीपासून बोलले. मैदान गप्प झालं होतं. मला वाटलं, पोचलं.

उतरल्यावर कॉलेजच्या मुली भेटायला आल्या. एक म्हणाली, तुम्ही भट्टीबद्दल किती समजूतदारपणे बोललात. धूर दिसतो, पण धुरामागची चूल पण दिसली पाहिजे, हे तर मी स्टेटसला ठेवलं.

मी असं काही बोलले नव्हते. मी असं वाक्य मेले तरी बोलणार नाही.

तिने फोनवर दाखवलं. मी आहे. माझा चेहरा, माझा आवाज, हात उगारायची माझी सवय. ओठ शब्दाशब्दाला जुळतात. आणि ती बाई गोड, समंजस आवाजात सांगते आहे की थोडं सोसावं लागतं, की मोठं काम राखेशिवाय होत नाही.

भार्गवची गचांडी धरली. संगणकावर माझा आवाज बनवलास, म्हटलं. तो रडकुंडीला आला. त्याने सगळं उघडून दाखवलं: ड्रमची टिकटिक, कीबोर्ड, कोरस. माझं काही नाही. मग हळूच म्हणाला की माझ्या माइकमधून तर आज काहीच येत नव्हतं. वायर गेली असं समजून तो धावणार होता, तेवढ्यात स्पीकरमधून आवाज सुरू झाला. चालतंय तर कशाला हात लावा, म्हणून गप्प बसला.

अनिमेषला सांगितलं. तो म्हणाला, स्टेजवर कधी कधी आपण काय बोलतो आपल्यालाच कळत नाही. त्याला कंपनीकडून फोन येऊन गेला होता. ते फार खूश आहेत.

२८ जानेवारी, बूढ़ापारा, रायपूर

आज मी माइक घेतलाच नाही. तलावाजवळच्या स्टेडियममध्ये भरगच्च गर्दी. भाषणाची वेळ आली तशी मी स्टेजच्या कडेला गेले आणि दोन्ही हातांनी तोंड घट्ट दाबून उभी राहिले. सगळ्यांसमोर. कोणालाही दिसलं असतं.

आवाज आला. खणखणीत. मलाही क्षणभर ऐकावंसं वाटलं, इतकं चांगलं बोलत होती ती. हाताखाली माझे ओठ वळवळत होते.

आणि तिने शेवटी विचारलं: नवी भट्टी हवी असेल त्यांनी हात वर करा.

सगळे हात वर गेले. पोलिसांचे. चहावाल्याचे. ड्रम मध्येच थांबला. मागे पाहिलं तर धर्मपालच्या काठ्या खाली पडलेल्या, आणि ज्याच्या बापाने याच धुरात खोकून खोकून प्राण सोडला, तो दोन्ही हात वर करून बसला होता.

गाडीत त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. एवढंच म्हणाला, "मी नाही केला वर. गेला. मले कळलंच नाही."

कंपनीची माणसं कॅमेरे घेऊन आली होती. बीरगावलाही आणणार आहेत. तिथले हात वर गेल्याचं चित्र सुनावणीत दाखवणार. लोकांची संमती म्हणून.

अनिमेषला मी सांगितलं, मी शेवटचा कार्यक्रम करणार नाही. तो गिटार पुसत होता. म्हणाला, "मत आओ दीदी. तुम्हारे बिना भी हो जाएगा." गमतीने म्हणाला की कसं, मला कळलं नाही.

३० जानेवारी, बीरगाव

स्पीकरची गरजच उरली नाही.

सकाळी अंजनाबाई भाकरी थापत होती. तिच्याजवळ बसून मी समजावलं. मैदानात जाऊ नका, वस्तीतल्या बायांनाही जाऊ देऊ नका, ती भट्टी आली तर गच्चीवर पाय ठेवता येणार नाही. नीट, सावकाश सांगितलं. ती ऐकत होती. भाकरी उलटून म्हणाली, "खरं बोलून राहिली पोरी. नवी भट्टी लागली त पोट्ट्याले तरी पक्कं काम भेटन. मी साऱ्या बायांले घेऊन येतो."

मी काय बोलले? मला माझेच शब्द ऐकू आले होते, माझेच. तिला काय ऐकू आलं?

पुन्हा सांगितलं. तिने माझी दृष्ट काढली.

त्यानंतर मी तोंड उघडलेलं नाही. इतकी वर्षं बोलत आले. बोलण्यावर माझा जेवढा विश्वास होता तेवढा कशावरच नव्हता.

१ फेब्रुवारी

लिहिलेलं बदलत नाही. तपासून पाहिलं. धर्मपालला चिठ्ठी लिहिली, त्याने मोठ्याने वाचली, शब्द तेच होते. त्याला ही रोजनिशीही वाचायला दिली. तो भिंतीला टेकून बसला, मग म्हणाला, "उद्या मी वाजवत नाही. हे कागद वाटतो."

मी खरं काय बोलले ते पानभर लिहिलं. तो झेरॉक्स काढून आला, मोठा गठ्ठा. अधिकाऱ्यांनाही अर्ज दिला की मी असं काही बोललेले नाही. तिथल्या माणसाने व्हिडिओ पाहिला आणि हसला. हे आपणच आहात ना, म्हणाला.

मान हलवली. नाही अशी. तो म्हणाला, हो म्हणताय ना मग.

मानसुद्धा—

२ फेब्रुवारी, दुपार

खोलीला आतून कडी लावली आहे. तोंडावर ओढणी बांधली आहे. खिडकीतून मैदान दिसतं. अंजनाबाई बायांना घेऊन पुढच्या रांगेत जाऊन बसली. नऊवारीवर चांगली शाल घेतली आहे तिने.

फाटकावर धर्मपाल कागद वाटतो आहे. लोक घेतात. एक म्हातारा वाचतो आहे. थांबला. शेजारच्याला दाखवतो आहे. वाचताहेत—

संध्याकाळ

गाणी सुरू झाली. ड्रमवर कोणी नाही. ड्रम वाजतो आहे.

गिटार थांबली. स्टेजवर माइक उभा आहे. त्याच्यामागे कोणी नाही. अनिमेष त्या रिकाम्या जागेकडे बघून हसतो आहे. सगळे तिकडेच बघताहेत. माझं नाव घेऊन टाळ्या—

सुरू झाली.

बीरगावच्या माणसांनो, म्हणाली. आपलं गाऱ्हाणं एकच आहे, म्हणाली.

ओढणीखाली माझी जीभ—

धर्मपालकडे बघते आहे. त्याने कानात बोटं घातली आहेत. बोटं काढतो आहे. नको. हात वर चालले. गठ्ठा सुटला, कागद सगळ्या मैदानावर—

बाकीच्यांना तिने अजून विचारलं नाही. विचारेल. गोड बोलते आहे अजून. वेळ आहे. हे पान खिडकीतून टाकते, खाली गल्लीत गर्दी उभी आहे.

अक्षर वाकडं येतं आहे कारण डाव्या हाताने लिहिते आहे. उजवा वर गेला. खाली येत नाही. खाटेला बांधायला हवा होता.

खाली उभे असलेल्यांनो, तो आवाज माझा आहे, शब्द माझे नाहीत. ती विचारेल तेव्हा एवढंच करा. एकट्याचा हात एकट्याने थांबत नाही. शेजारी कोण आहे बघू नका, त्याचे दोन्ही हात धरा, आणि त्याला तुमचे धरू द्या. आत्ता धरा. घट्ट. तिचं बोलणं संपेपर्यंत सोडू नका, कोणी कितीही ओढलं तरी धरून रा