अर्धा घास

३ सप्टेंबर, सोमवार

आज रुजू झाले. ही वही खास त्यासाठीच घेतली, आणि पहिल्या पानावर अक्षरही बरं आलंय. खोली तिसऱ्या मजल्यावर आहे. खिडकीतून हॉस्पिटलच्या धुलाईघराची गच्ची दिसते, तिथे दिवसभर पांढऱ्या चादरी वाळत असतात. सामान लावायला अर्धा तास पुरला. एकटीचं सामान ते किती असणार.

आमचं खातं तळघरात आहे. भिंतींत शिसं, दार इतकं जड की खांदा लावून ढकलावं लागतं, आणि मधोमध गॅमा कॅमेरा. इथल्या जुन्या तंत्रज्ञांना सगळे भाऊ म्हणतात. एकतीस वर्षं ते हेच काम करतायत. मला म्हणाले, हे खातं म्हणजे हॉटेलच समज, फक्त इथे खाल्लेलं कुठवर पोचलं ते बघूनच गिऱ्हाइकाला सोडतात. खूप दिवसांनी मला हसू आलं. मोठे डॉक्टर कमी बोलतात, पण त्यांनी माझ्या टेबलावरचा दिवा स्वतः बदलून दिला. इथे बरं जाईल असं वाटतंय.

५ सप्टेंबर, बुधवार

काम सवयीचंच आहे, पण इथलं यंत्र नवं, त्यामुळे पुन्हा लिहून ठेवते. ज्यांना दोन घासांत पोट भरल्यासारखं होतं, जेवलेलं तासन्‌तास तसंच राहतं, ते आमच्याकडे येतात. फेटलेल्या अंड्यात औषधाचे दोन थेंब घालायचे, अंडं शिजवायचं, पावाच्या दोन तुकड्यांबरोबर दहा मिनिटांत संपवायला लावायचं. मग लगेच एक चित्र, आणि पुढे चार तास दर तासाला एक. औषधातून अगदी मंद किरण निघतात आणि कॅमेऱ्याला तेवढेच दिसतात. माणूस दिसत नाही. हाडं नाहीत, चेहरा नाही. काळ्या पडद्यावर दिसतो फक्त त्याने खाल्लेला घास. गिळण्याची तपासणी त्याहून छोटी: औषध घातलेल्या पाण्याचा एक घोट, आणि तो खाली उतरताना अर्ध्या अर्ध्या सेकंदाला चित्र.

आज शाळेच्या बाई आल्या होत्या. निवृत्त शिक्षिका, बरीच वर्षं मधुमेह. अंडं खाताना त्यांनी मला सरळ उभं राहा म्हणून दटावलं.

संध्याकाळी खारूच्या बाबाला फोन केला. जेवलीस का, एवढंच त्याने विचारलं. मीही तेवढंच विचारलं. येत्या महिन्यात आमच्या लेकीला, खारूला, जाऊन दोन वर्षं होतील. तिचं नाव न काढता आम्ही आता पंधरा मिनिटं बोलू शकतो, आणि हीच आमची प्रगती.

११ सप्टेंबर, मंगळवार

एक गंमत झाली. शाळेच्या बाई पुन्हा आल्या, कारण मागच्या वेळचा आकडा जुळला नव्हता. खाल्लं तेवढं पोटात दिसलं पाहिजे, पण अर्धंच दिसत होतं. आज मी शेजारी बसून त्यांना शेवटचा घास संपवायला लावला. चित्र घेतलं तर पुन्हा अर्धं. उरलेलं अर्धं त्यांच्या डाव्या बाजूला, थोडं खाली, मुठीएवढ्या डागात.

भाऊ म्हणाले, कपड्यावर सांडलं असेल. गाऊन बदलला, खुर्ची पुसली, फरशीही पुसली. डाग तिथेच. बाईंनी विचारलं, माझं काय चुकलं? मी म्हटलं, तुमचं काही नाही, यंत्राचं.

१४ सप्टेंबर, शुक्रवार

इंजिनिअर दिवसभर कॅमेरा उघडून बसला होता. दोष सापडला नाही. तरी या आठवड्यात पाच जणांच्या चित्रांत डाग आला, दरवेळी अर्धा घास, दरवेळी खालच्या बाजूला. मोठे डॉक्टर म्हणाले, रुग्णांना पुन्हा पुन्हा बोलवायचं नाही, आधी कारण शोधा.

मी जेवते आहे, पण अंगाला लागत नाही. पंजाबी ड्रेसच्या नाड्या आणखी आवळाव्या लागल्या. डॉक्टरांनी एकदा दुःखामुळे असं होतं म्हणून सांगितलं होतं. खरं सांगायचं तर दोन वर्षांत एकदाही माझं पोट भरलेलं नाही.

१८ सप्टेंबर, मंगळवार

आज गिळण्याची तपासणी होती. एक ड्रायव्हर, त्याला घास छातीत अडकल्यासारखा वाटायचा. मी कप हातात दिला, बाजूला उभी राहिले, त्याने घोट घेतला. पडद्यावर त्याची रेघ वरून खाली सरकत गेली. आणि तिच्या शेजारी, हातभर खाली, दुसरी रेघ. बारीक. लहान गळ्याची.

डाग म्हणजे सांडलेलं नव्हतं. कोणीतरी गिळत होतं.

बारीक रेघ सुरू होण्याआधी वर उजवीकडे एक ठिपका थांबला होता. सेकंद, दोन सेकंद, पाच सेकंद. घास गालात धरून ठेवल्यासारखा. मग तो निसटला, अर्ध्या वाटेवर त्याला फाटा फुटला आणि थोडा भाग छातीत पसरला. जायला नको तिथे.

मी चित्रं थांबवली. ड्रायव्हरला घरी पाठवलं. धुण्याच्या खोलीत जाऊन नळ सोडून उभी राहिले.

तिचं नाव खारू पडलं ते त्या गालामुळे. जन्मापासून तिच्या घशाचे स्नायू दुबळे होते. घास गिळायची भीती वाटायची म्हणून ती तो उजव्या गालात साठवून ठेवायची, खारीसारखा. चार वर्षांची असताना तिची हीच तपासणी मी स्वतः केली होती. आईला आपल्या मुलीचं अक्षर ओळखायला येतं तशी ती रेघ मला ओळखू येते.

२० सप्टेंबर, गुरुवार

भाऊंनी आज मला चहाला बाहेर नेलं. बराच वेळ कप फिरवत बसले. मग म्हणाले, पोरी, वाईट वाटून घेऊ नकोस, पण तुझ्या सुट्टीच्या दिवशी डाग येत नाही. आणि येतो तो तू ज्या बाजूला उभी असतेस त्या बाजूला. एकतीस वर्षांत मी हे पाहिलेलं नाही. हे इथलं नाही. तुझ्याबरोबर आलंय.

मी त्यांना सांगितलं. कोणालाच सांगितलं नव्हतं ते. खारू सहा वर्षांची झाली तेव्हा तिला तोंडाने काही द्यायचं नाही असं ठरलं होतं, पोटात बसवलेल्या नळीतून सगळं जायचं. आम्ही जेवायला बसलो की ती आमच्या तोंडाकडे बघायची. एका दुपारी म्हणाली, आई, एकच चमचा. मी दिला. दूध, साखर घालून. ती इतकी हसली. मग ठसका. मग ताप. नवव्या दिवशी गेली.

माझा चहा गार झाला होता, तो भाऊंनी बदलून आणला.

२४ सप्टेंबर, सोमवार

हे लिहायला हवं.

सात महिन्यांची एक मुलगी आली होती. पिते ते सगळं उलटून टाकते म्हणून दुधाची तपासणी. मी लांब राहणार होते. पण तिची आई रडत होती, बाळाला धरायला कोणी नव्हतं, मी गेले. बाळाने बाटली तोंडात घेतली. पडद्यावर दोन रेघा. दुसरी भराभर ओढत होती, अधाशासारखी. आणि बाळ खोकायला लागलं. ओठ निळे. भाऊंनी नळी लावून घसा साफ केला. मी भिंतीला जाऊन चिकटले, जितकी लांब जाता येईल तितकी. मग बाळ रडलं.

ते वाचलं. त्याची आई मला धन्यवाद देत होती.

खारू वाईट नाही. तिला भूक लागली आहे. दोन वर्षं ती माझ्या ताटातलं अर्धं खातेय आणि दर घासाला तिला ठसका लागतो, आणि मला ते आजवर दिसलं नव्हतं.

मोठ्या डॉक्टरांना राजीनामा दिला. पंधरा दिवस थांब म्हणाले, पण रुग्णांपाशी जायचं नाही या अटीवर मी हो म्हटलं.

२५ सप्टेंबर, मंगळवार

जेवणाच्या सुट्टीत खोली रिकामी असते. मी दुधात औषध घातलं, कॅमेऱ्यासमोर बसले, पडदा माझ्याकडे वळवला. एक चमचा.

माझी रेघ. आणि मांडीवर तिची.

फाटा फुटला. छातीत पसरलं. मी पुढचा चमचा घेतला नाही. डाग तिथेच बसून होता, वाट बघत. न खावं तर ती उपाशी. खावं तर —

तिला गिळायला शिकवणाऱ्या बाई यायच्या. हनुवटी छातीला टेकव, थोडंच घे, गीळ, पुन्हा गीळ, मग खोक. तेव्हा ती फार लहान होती, लक्ष द्यायची नाही. आता माझ्याकडे वेळ आहे.

मी मोठ्याने म्हटलं, खारू, आईकडे बघ. आई करते तसं कर.

२७ सप्टेंबर, गुरुवार

रोज सहा चमचे. काल छातीत गेलं होतं त्याच्या निम्मं आज गेलं. शिकतेय. माझी पोर शिकतेय.

रोज हे औषध घेणं नियमात बसत नाही. अंगावर किती किरण पडले ते मोजणारा छातीवरचा बिल्ला मी खोलीतच ठेवते.

मला थोडी कणकण आहे. खोकला.

२८ सप्टेंबर, शुक्रवार

भाऊ अचानक आत आले. पडद्याकडे बघत राहिले. म्हणाले, लहान रेघ सरळ चाललीय. मी म्हटलं, हो ना, बघा. ते म्हणाले, बघतोय. मोठी वाकडी होतेय. तुझ्या छातीत किती गेलंय ते तूच बघ.

बघितलं. जितकं तिच्या छातीतून कमी, तितकं माझ्या. थेंबाला थेंब.

बंद कर म्हणाले. हात धरला माझा. हात जोडले मी त्यांना. सोमवारी मोठ्या डॉक्टरांना सांगणार आहेत.

सोमवारपर्यंतचा वेळ पुरेल.

३० सप्टेंबर, रविवार

ताप. श्वास घेताना आत बुडबुडे वाजतात — तिच्या छातीत वाजायचे तसेच.

खारूच्या बाबाला फोन केला. सगळं सांगितलं, चमच्याचं. दोन वर्षांनी.

तो म्हणाला, मला माहीत होतं. तो चमचा मीच धुतला.

का नाही बोललास?

म्हणाला, तिने मला सांगितलं होतं. बाबा, दूध गोड होतं. मग तुला काय बोलणार होतो मी.

उद्या पहिल्या गाडीने येतोय. दुपारी पोचेल. मी म्हटलं, सरळ तळघरात ये. तुला काही दाखवायचंय.

१ ऑक्टोबर, सोमवार

भाऊ मोठ्या डॉक्टरांकडे गेलेत. दार आतून लावलं. वही गुडघ्यावर —

पहिला चमचा. तिच्या छातीत जरासं.

दुसरा. नखभर.

चौथा. काहीच नाही. सरळ पोटात. सहा वर्षांत एकदाही न उतरलेली रेघ — अशी सरळ —

भाऊ दार वाजवतायत. दुसरा आवाज खारूच्या बाबाचा. लवकर आला. माझं नाव घेतोय.

उठता येत नाही. पाय —

पाचवा. तिचा उतरला. माझा वरच अडकलाय. ठसका यायला हवा. येत नाही.

मांडीवर वजन आहे. ऊब. ती मान वर करून आईकडे —

शेवटचा चमचा. आधी तिला.

उतरला.

दार उघडलं की पडदा बघा. लहान रेघ. तिच्या बाबाला सांगा, आता भरवलं तरी चालतं तिला, घाई न करता, थोडं थोडं, हनुवटी खाली क