पावाला पाजलेलं लोणी

एडन बंदर, मे १९५४

तीर्थरूप बाबांस,
गुणाजीचा आगबोटीवरून वाकून नमस्कार. जया बहिणी, हे पत्र अख्ख्या चेंदणी कोळीवाड्याला ऐकू जाईल असं मोठ्याने वाच.

मी धडधाकट आहे. परवा दर्या जरा हलला आणि साहेबलोकांच्या सगळ्या वाट्या घसरून फुटल्या. मोठा खानसामा तापाने आडवा, म्हणून रांधायचं माझ्या एकट्याच्या गळ्यात आलं. गाजर, बटाटा, कोबी शिजवून सूप केलं, म्हणजे आपलं मासळीवाचून पातळ कालवण. पण वाढू कशात?

गोल पाव होते. एकाची टोपी कापली, आतला गर काढला आणि सूप ओतलं. लगेच बुडातून गळायला लागलं. तेव्हा तुमचं बोलणं आठवलं, होडीला तेल पाजल्याशिवाय पाण्यात घालू नये. मग बाकीच्या पावांना आतून लोणी पाजलं आणि भट्टीत कडक केले. एक थेंब गळला नाही!

कप्तान स्वतः खाली आला. "कुठे शिकलास?" म्हणाला.

मी म्हटलं, "ठाण्याच्या खाडीवर, बापाकडे."

हात थोडा भाजला, आता बरा आहे. जया, ही ओळ आईपुढे वाचू नकोस.

बाबा, कोळ्याचा पोर चूल फुंकायला चालला म्हणून निघताना तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. गुडघा कसा आहे तुमचा? नारळी पुनवेआधी मी पोचतो. वाकून होडीला तेल देत बसू नका. ती तशीच कोरडी ठेवा, तेल मीच पाजणार.

तुमचाच,
गुणाजी